फुलांना हात लावायचा नाही

४ मार्च, मंगळवार

ढब्बू,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी वेगळे लिहीत बसत नाही. आधी बातमी ऐक. तुझ्या आईला नोकरी लागली. परत वाच, नोकरी. सदुसष्टाव्या वर्षी. गळ्यात ओळखपत्र अडकवून जाते रोज. त्यावर फोटो आहे आणि फोटोत मी चोरी करताना सापडल्यासारखी दिसते. भिंगरी म्हणाली, "आजी, तुला पोलीस शोधतायत वाटतं." तुझी लेक आठ वर्षांची आणि तिची जीभ अठ्ठावीस वर्षांची.

सूनबाईचीच कंपनी, गुलाबांची. तिनेच साहेबांकडे शब्द टाकला. तू गेलास तेव्हा ती देठांचे काटे काढायची, आता पॅकिंगचा अख्खा हॉल सांभाळते. तीस बायका आहेत हाताखाली, पण आवाज चढवत नाही. नुसती जाऊन शेजारी उभी राहते, की बायका नीट बांधायला लागतात.

माझं काम काय म्हणशील, तर बघायचं. चेष्टा नाही. एक खोली आहे, तिच्यात काचेच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या. एका बाटलीत एक गुलाब, एका जातीचे दहा. घेणारे लोक विचारतात ना, की फूल घरी नेल्यावर फुलदाणीत किती दिवस टिकेल? ते कुणीतरी मोजायला नको का? ते मी मोजते. रोज सकाळी एकेका फुलासमोर उभी राहते. ताजं असेल तर वहीत बरोबरची खूण करायची. मान टाकली, पाकळ्या गळल्या, बुरशी धरली, की "संपलं" लिहायचं आणि कितवा दिवस ते लिहायचं. तिसरी पास बाईला ह्याहून जास्त काय लागतं!

तपासणीच्या मॅडम आहेत त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "आजी, फुलांना हात लावायचा नाही. पाणी बदलायचं नाही, देठ कापायचा नाही, सुकलेलं पानसुद्धा काढायचं नाही. बघायचं फक्त." मी म्हटलं, "म्हणजे पाहुण्यांसारखं." त्या म्हणाल्या, "नाही, डॉक्टरांसारखं. पण औषध न देणाऱ्या." पोर हुशार आहे, चष्मा सारखा नाकावरून घसरतो तिचा.

पण इथे कान उघडे ठेवले की फुकट शिकायला मिळतं. फूल आणल्यावर देठ तिरका कापायचा आणि पाण्याच्या आतच कापायचा. बाहेर कापला तर देठात हवा शिरते, मग वर पाणी चढत नाही, आणि बाटली भरलेली असून फूल तहानेने मरतं. पाण्यात बुडतील ती पानं काढून टाकायची, ती कुजतात. चिमूटभर साखर आणि कपड्यांच्या ब्लीचचे दोन थेंब. एक खायला, एक स्वच्छतेला. सफरचंदं शेजारी ठेवायची नाहीत, पिकणाऱ्या फळाशेजारी फूल लवकर म्हातारं होतं. मी इतकी वर्षं टेबलावर दोन्ही शेजारीशेजारी मांडत आले. कुणी सांगितलं नाही.

तुमच्याकडे फुलदाणी आहे का? राहू दे, नको सांगूस.

तुझं पाकीट मिळालं. कागदही मिळाला. तीन ठिकाणी सूनबाईची सही घे, म्हणजे वेगळं होणं सोपं जाईल, तुझं ती ऐकते, असं लिहिलंयस. अक्षर फार बारीक आहे रे त्या वकिलाचं. माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय. नवा चष्मा आला की वाचते. कागद कपाटात जपून ठेवलाय, खालच्या फळीवरच्या वर्तमानपत्राखाली.

आई


२३ मार्च, रविवार

ढब्बू,

तुझं उत्तर आलं. चार ओळी आणि त्यात तीन वेळा कागद. लहानपणी निबंधही तू असाच लिहायचास.

चष्मा आलाय, खोटं कशाला बोलू. कागद वाचला तेही खरं. तिला द्यायचा राहिलाय. रोज ठरवते. ती येते, दारात बूट काढते आणि हात गरम पाण्याच्या पातेल्यात धरून बसते. तिच्या हॉलमध्ये गारठा असतो, थंड खोलीतून फुलांचे गठ्ठे येतात ते दिवसभर हाताळायचे. बोटं बधिर होतात. पाण्यात हात घालून मला विचारते, "आई, पाणी गरम आहे ना?" तिचं तिला कळत नाही. मग मी बोट घालून सांगते, आहे हो, जरा जास्तच आहे. आता अशा बाईपुढे कोणत्या मिनिटाला कागद धरू, ते तूच सांग.

आणखी एक आहे, चिडू नकोस. तुझं पाकीट आलं ते तिने पोस्टमनच्या हातात पाहिलं होतं. "काय म्हणतायत?" म्हणाली. मी म्हटलं, "तुझा खोकला बरा झाला का विचारतोय." तोंडातून निघून गेलं. दोन दिवसांनी भांडी विसळता विसळता पाठमोरीच म्हणाली, "खोकला गेला म्हणून कळवा." तर कळवते, खोकला गेला. ह्या वेळच्या पत्रात तू भिंगरीच्या दाताची चौकशी केली आहेस. तुला माहीत असलेलं बरं. वरचा डावा पडला.

आता माझी गंमत ऐक. एकशे सत्तावीस नंबर म्हणून एक नवीन जात आहे. अजून नाव ठेवलेलं नाही, नंबरच आहे. काय रूप सांगू! आतून लोण्यासारखा पिवळट आणि कडेला नुसती लाली. साहेबांनी त्याचं एक अख्खं शेड आधीच लावून ठेवलंय, तपासणीत उतरला की माल निघणार. सहाव्या दिवशी सकाळी गेले तर दहातल्या सहांनी माना टाकलेल्या. पाकळ्या टवटवीत, आणि मान मोडलेली. वही उघडली, पेनाचं टोपण काढलं. सहा वेळा "संपलं" लिहायचं होतं. हात चालेना.

मी म्हटलं, घरी फूल नेणारा माणूस काय नुसता बघत बसतो? पाणी बदलतो, देठ कापतो. मग ह्या बिचाऱ्यांनीच काय घोडं मारलंय? मॅडम सोमवारी आणि गुरुवारी येतात. तो होता शनिवार. संध्याकाळी केर काढायच्या वेळी बादली आणली. पाण्यात देठ नखभर कापले, जास्त नाही. वर्तमानपत्रात गळ्यापर्यंत गुंडाळून कोमट पाण्यात तासभर उभे केले. बाटल्या ब्लीचच्या थेंबाने विसळल्या. बाटलीवर पाण्याची खूण असते, बरोबर खुणेपर्यंत भरल्या. सकाळी जाऊन बघते तर सगळे ताठ, शाळेत हजेरी देणाऱ्या पोरांसारखे. मी एकटीने टाळ्या वाजवल्या रे त्या खोलीत.

तेव्हापासून एक दिवसाआड हेच चाललंय. बाकीच्या जातींना हात लावत नाही, त्या धडधाकट आहेत. आज चौदावा दिवस आणि एकही "संपलं" नाही. मॅडम चष्मा वर करून म्हणतात, "आजी, हे फूल आहे की प्लॅस्टिक?"

तू गेलास त्या दिवशी मी फ्रिज पुसला होता, आठवलं उगीच. आतून, बाहेरून, मागून. तू बॅग घेऊन जिन्यावर होतास, दोन महिन्यांचं काम आहे म्हणालास, आणि मी हातातलं फडकं न ठेवता "जेवून जा" म्हटलं. दीड वर्ष होऊन गेलं. तेव्हा रडायला हवं होतं असं लोक म्हणतात. फ्रिज मात्र चकचकीत झाला होता.

आई


९ एप्रिल, बुधवार

ढब्बू,

एकशे सत्तावीस पहिला आला! पंधरा दिवस टिकला. मोठे साहेब स्वतः खोलीत आले, दहाही बाटल्या बघितल्या, माझ्याशी बोलले. "आजी, तुमची नजर चांगली आहे." मी म्हटलं, "नवीन चष्मा आहे." सगळे हसले. केक आणला होता, कापायला सुरी सापडेना म्हणून देठ कापायच्या चाकूने कापला. मला दोन तुकडे मिळाले. एक कागदात गुंडाळून भिंगरीला आणला.

पण खरी बातमी पुढेच आहे. पहिला सगळा माल पाठवायची जबाबदारी सूनबाईवर दिली आहे. तोडणीपासून गाडीत चढेपर्यंत तीच बघणार. खोक्यांवर छापलंय, दहा दिवस टिकण्याची हमी. घरी येताना ती हसली. दात दिसले. तिचा एक दात दुसऱ्यावर चढलाय, ते मी विसरूनच गेले होते. म्हणाली, "आई, त्यांना कळवा, मला मोठं काम दिलंय." म्हणून कळवते. तिने आरशावरची धूळही पुसली त्या दिवशी.

तुझ्या पत्रातली बातमी कळली. ऑगस्टमध्ये म्हणतोस. म्हणून घाई आहे होय.

आनंद झाला असं इथे लिहायला हवं. पेन धरून बसले, शब्द आला नाही. मग उठले, शेगडी घासली, परत बसले. वाईट वाटतंय असंही नाही. खूप वेळ पाय दुमडून बसल्यावर चिमटा काढला तरी पाय आपला की शेजारणीचा कळत नाही ना, तसं. भिंगरी झाली तेव्हा मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर एका अनोळखी बाईला मिठी मारली होती. ती बाई तिथे गुडघा दाखवायला आली होती.

तुझ्याबरोबर राहते तिला सांग, दूध पी, आणि जिने सावकाश उतर. तिचा दोष किती ते मला माहीत नाही, पोटातल्याचा तर नाहीच नाही. आणि ह्या पत्रात तू काय विचारलंस ते सूनबाईला काय सांगू, ते अजून सुचलेलं नाही. बहुतेक हवापाण्याचं विचारशील.

कागद देते. माल रवाना होऊ दे, मग देते. चांगल्या दिवसांत कशाला.

आई


२७ एप्रिल, रविवार

ढब्बू,

माल गेला. सहाव्या दिवशी सगळ्यांनी माना टाकल्या. काही ठिकाणी तर पाचव्याच. घेणाऱ्यांनी फोटो पाठवलेत. दुकानांतून बादल्याच्या बादल्या, आणि प्रत्येक बादलीत खाली बघणारे गुलाब. मी फोटो बघितले. ओळखीचेच होते.

साहेबांचं म्हणणं असं, की तपासणीत पंधरा दिवस टिकलेलं फूल सहा दिवसांत मरतं, म्हणजे वाटेत ऊन लागलं. खोकी थंड खोलीबाहेर पडून राहिली असणार. सूनबाईला बोलावलं आणि पेंग्विनला बोलावलं. पेंग्विन म्हणजे थंड खोलीचा माणूस. बारा महिने जाड कोट घालून फिरतो आणि चालतोही तसाच, पाय फाकवून. त्याला तोंडावर पेंग्विन म्हटलं तरी चालतं, त्याने कोटावर मागे चित्रसुद्धा काढून घेतलंय. हसरा माणूस. तो साहेबांना म्हणाला, "बारा वर्षं ह्या गारठ्यात काढली साहेब, माझी बायको मला उन्हात वाळत घालते, आणि मी दार उघडं टाकेन?" कुणी हसलं नाही.

सूनबाईने वही पुढे केली. कुठलं खोकं किती वाजता आत गेलं, किती वाजता बाहेर आलं, सगळं लिहिलेलं. साहेब म्हणाले, "वही काय, मागाहूनही लिहिता येते."

हे तिने मला जेवताना सांगितलं, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तशा आवाजात. चौकशी संपेपर्यंत दोघांना कामावरून बाजूला केलंय. पुढच्या रविवारनंतरच्या रविवारी निकाल. दोष निघाला तर काम जाणार, आणि कंपनीच्या ह्या दोन खोल्याही. ती म्हणाली, "आई, मी स्वतः उभी होते. एक खोकं दहा मिनिटांच्या वर बाहेर नव्हतं. मग चुकलं कुठे?"

मला विचारलं तिने. मी बटाटा सोलत होते. म्हटलं, "होतं असं कधीकधी." आणि साल इतकी जाड काढत गेले की बटाट्याचा लिंबू झाला.

चुकलं कुठे ते मला माहीत आहे. मागची पत्रं वाचली असशील तर तुलाही माहीत आहे. दोघांनाच माहीत आहे, ढब्बू. त्यातला एक लांब आहे.

ती दिवसभर घरात असते आता. कपाटं आवरते. खालच्या फळीशी आली की मी म्हणते, ते राहू दे, ते मी करते. हात धुताना नळ कुठल्या बाजूला फिरवलाय ते बघत नाही. परवा कढत पाण्याखाली हात तसाच होता, लाल होईपर्यंत. मी ओढून काढला. "लागलं नाही," म्हणाली. मी तिच्याकडे बघितलं आणि मला वाटायला हवं होतं काहीतरी. मी टॉवेल दिला.

भिंगरीने विचारलं, "बाबांना सांगितलं का? ते येतील ना मग?" सूनबाईने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "पत्र टाकते." हे तेच पत्र.

आई


११ मे, रविवार

ढब्बू,

तुझं उत्तर गुरुवारी आलं. "तू गप्प बस. तुला कोण विचारणार आहे? आणि कागदाचं काय झालं ते कळव." दोनदा वाचलं. राग आला नाही. उलट ओळखीचं वाटलं. गप्प बसून भागवायचं हे तू माझ्याकडूनच उचललंस, बाहेर कुणी शिकवायला नको होतं.

आज निकालाला गेले. मला बोलावलं नव्हतं. ओळखपत्र घातलं, म्हणून फाटकावर सोडलं. साहेबांच्या खोलीत साहेब, मॅडम, सूनबाई, पेंग्विन. पेंग्विन कोट न घालता आला होता. कोटाशिवाय तो एवढासा आहे रे, मी ओळखलंच नाही आधी.

साहेब म्हणाले, "आजी, तुमचं इथे काम नाही." मी म्हटलं, "आहे." आणि सांगितलं. उभ्यानेच. सहावा दिवस, बादली, नखभर देठ, ब्लीच, खुणेपर्यंत पाणी. एक दिवसाआड, पाच वेळा. वहीत खोटं लिहिलं नाही, जे सकाळी दिसलं तेच लिहिलं, पण दिसावं म्हणून आदल्या संध्याकाळी खटपट केली. थांबले नाही, थांबले असते तर परत बटाट्यावर आले असते.

मॅडमचा चष्मा घसरला, त्यांनी तो वर केला नाही. म्हणाल्या, "मी सांगितलं होतं तुम्हाला. हात लावायचा नाही."

"सांगितलं होतं."

"मग का?"

"माना टाकल्या होत्या त्यांनी."

"आजी, माना टाकल्या एवढंच तर कळायला हवं होतं आम्हाला!" त्या ओरडल्या नाहीत, त्यांचा आवाज फाटला. "त्यासाठीच तर खोली आहे ती."

साहेबांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. मग पेंग्विनला म्हणाले, "उद्यापासून या." सूनबाईला म्हणाले, "तुम्हीही." मला काही म्हणाले नाहीत, नुसता हात पुढे केला. मला वाटलं हात मिळवतायत, मी मिळवला. त्यांना ओळखपत्र हवं होतं. पेंग्विन तेवढ्यातही हसला, तोंड दाबून. बरं वाटलं. नंतर दारात मला म्हणाला, "आजी, दोन आठवडे झोप नाही मला." मी म्हटलं, "माझ्यामुळे." तो म्हणाला, "हो, तुमच्यामुळेच," आणि गेला.

आम्ही दोघी चालत निघालो. फाटकापासून घरापर्यंत वीस मिनिटं. ती दोन पावलं पुढे. पिठाची गिरणी गेली, सायकलींचं दुकान गेलं, शाळेची लांब भिंत लागली. भिंतीच्या मध्यावर ती थांबली. वळली नाही.

"आई, आणखी कशाकशाचं पाणी बदलताय तुम्ही?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"माझा खोकला," ती म्हणाली. "भिंगरीचा दात. मागच्या वेळी विचारलं, मला थंडीचा त्रास होतो का. दीड वर्षात फोन नाही आणि पत्रात खोकला. त्यांनी असं कधी विचारलंय का हो? इथे होते तेव्हा तरी?"

शाळेच्या भिंतीवर पाढे रंगवलेत. माझ्या समोर सातचा होता. तो मी वाचत राहिले.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "पहिल्यांदाच कळलं होतं. पण बरं वाटायचं. तुम्ही सांगत होतात, मी घेत होते."

घरी आल्यावर मी कपाट उघडलं, वर्तमानपत्र उचललं, कागद काढला, दिला. तिने बूट न काढता वाचला. शेवटच्या पानावरून परत पहिल्यावर गेली. मग पाकिटावरचा शिक्का बघितला.

"फेब्रुवारी," म्हणाली.

"हो."

"फेब्रुवारीपासून मी ह्याच्यावरच्या फळीवर टॉवेल ठेवतेय."

मी ऑगस्टचंही सांगितलं. सगळं सांगितलं, उरलंसुरलं काही ठेवलं नाही. ती खुर्चीवर बसली. रडेल म्हणून मी पाणी आणलं. ती रडली नाही. पाणी प्यायली, पेला विसळून पालथा घातला. भिंगरीचा शाळेचा शर्ट उसवला होता, तो शिवायला घेतला. अंधार पडायच्या आत शिवून झाला.

माझ्याशी बोलत नाही. वाढते, विचारत नाही. मला वाटलं होतं खरं बोलल्यावर हलकं वाटतं. हलकं नाही वाटत. जडही नाही. आहे तसंच आहे.

आई


१८ मे, रविवार

ढब्बू,

ह्या पत्रासोबत कागद आहे. आधी तो नीट काढून ठेव, मग पुढे वाच.

आठवडाभर तो टेबलावर होता, साखरेच्या डब्याखाली. झाकलेला नाही, लपवलेला नाही. जेवताना बाजूला सरकवायचा, जेवण झालं की परत जागेवर. बुधवारी तिने भिंगरीला समोर बसवून सांगितलं. तू तिचा बाबा आहेस आणि राहशील, पण इथे राहायला येणार नाहीस, असं. भिंगरीने विचारलं, "आजीला माहीत होतं?" सूनबाई म्हणाली, "हो." मला वाटलं होतं सावरून घेईल. नाही घेतलं. भिंगरी दोन दिवस माझ्याजवळ झोपली नाही. तिसऱ्या दिवशी उशी घेऊन आली, पाय माझ्या पोटात खुपसले आणि म्हणाली, "आता खोटं बोललीस तर मी आईजवळ." मी म्हटलं, बरं.

एकशे सत्तावीसची परत तपासणी चाललीय, मॅडमच करतायत, कुणाच्या मदतीशिवाय. उपटून टाकणार ते शेड असं सूनबाई म्हणाली. आठवड्यात माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य ते. म्हणजे कामाचं बोलली. मी नोकरीवर नाही. सकाळी दहाच्या सुमाराला पाय आपोआप दाराकडे जातात, मग मी केर काढते.

आज दुपारी जेवणं झाली, भिंगरी खाली खेळायला गेली. सूनबाईने टेबल पुसलं, कोरडं केलं, कागद मधोमध ठेवला. पेन दोनदा रद्दीवर चालवून बघितलं. मग तिन्ही ठिकाणी सही केली. सावकाश, अक्षर न् अक्षर लावून, खोक्यावर चिठ्ठी चिकटवताना करते तशी. मी समोर बसले होते. तिचे हात बघत होते.

खाली साक्षीदाराची जागा होती. ती मी ह्याआधी वाचलीच नव्हती, माझं वाचणं नेहमी वरच्या अर्ध्यावरच अडलं. ती म्हणाली, "शेजारच्या काकूंना हाक मारते." मी म्हटलं, "कशाला? मला येते की सही." तिने माझ्याकडे बघितलं. बऱ्याच दिवसांनी नीट बघितलं.

"तुमच्या मुलाचा कागद आहे तो, आई."

"म्हणूनच," मी म्हटलं. "मी पाहिलंय. तू केलीस, कुणी सांगितलं म्हणून नाही. तेवढं लिहायला मला लाज वाटायचं कारण नाही."

तिने पेन दिलं. माझी सही जरा तिरकी गेली आहे, चौकटीबाहेर आली आहे. आईची साक्ष चालते का ते मला माहीत नाही. तुझा वकील नाही म्हणाला तर कागद परत पाठव, काकूंची घेऊ. पण माझी खोडायची नाही, तिच्याखाली घ्यायची.

कागदाची घडी घालता घालता तिने विचारलं, "ऑगस्टमध्ये तुम्ही जाणार का तिकडे?"

"मला कुणी बोलावलेलं नाही."

"ते नाही विचारलं मी. जाणार का?"

मी विचार केला. खरंच केला, पटकन गोड उत्तर दिलं नाही. बाळ बघावंसं वाटेल कदाचित. आत्ता वाटत नाहीये. वाटलं तर तिला सांगून जाईन आणि सांगून परत येईन. हे सगळं तिला तसंच सांगितलं.

तिने घडीवर नख फिरवलं. म्हणाली, "मग ते दार लावून घ्या. वारा येतोय, कागद उडेल."

मी उठले आणि लावलं.

आई